घडी, कड आणि कोन : बालवर्गातील कागदकाम व भूमितीची परिभाषा

बालवर्गाच्या भिंतीवर टांगलेल्या तक्त्यात बहुधा चार आकृत्या असतात : वर्तुळ, त्रिकोण, चौरस आणि आयत. त्यांतील त्रिकोण जवळजवळ नेहमीच समभुज असतो व तो आपल्या एका बाजूवर स्थिर बसलेला असतो. चौरसाच्या बाजू तक्त्याच्या कडांना समांतर असतात आणि आयत आडवा पहुडलेला असतो. मूल ही चार नावे थोड्याच दिवसांत पाठ करते व शिक्षिकेच्या छडीच्या टोकाबरोबर ती बिनचूक म्हणूनही दाखवते. परंतु तोच चौरस एका कोपऱ्यावर उभा केला म्हणजे पुष्कळ मुले त्याला चौरस म्हणावयास तयार होत नाहीत. त्यांच्या लेखी ते शंकरपाळे होते किंवा पतंग होतो. अर्थात् मुलाने चौरस ही संकल्पना आत्मसात केलेली नसून एका विशिष्ट चित्राचे नाव तेवढे लक्षात ठेवलेले असते.

ही अडचण मराठी मुलांपुरती मर्यादित नाही. क्लेमेंट्स, स्वामिनाथन, हॅनिबल व सारामा यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील अभ्यासात ३ ते ६ वर्षे वयाच्या मुलांना अनेक आकृत्यांमधून विशिष्ट आकृती निवडावयास सांगितले होते. वर्तुळ जवळजवळ सर्वांनी ओळखले आणि चौरसही बहुतेकांना साधला. त्रिकोणाच्या बाबतीत मात्र बरोबर निवडीचे प्रमाण सुमारे ६० टक्क्यांवर आले, तर आयताच्या बाबतीत ते निम्म्याहून थोडेसेच अधिक राहिले. ज्या आकृतीला एकच रूप आहे ती सोपी वाटते आणि जिची रूपे अनेक आहेत ती कठीण वाटते, असा या निष्कर्षाचा रोख आहे. वर्तुळ कसेही फिरविले तरी ते वर्तुळच दिसते. त्रिकोण अरुंद, तिरपा, उलटा अशा असंख्य रूपांत भेटतो. तेव्हा प्रश्न असा उपस्थित होतो की, आकृतीचे नाव तिच्या एका रूपाला चिकटून न राहता तिच्या गुणधर्मांना चिकटावे, यासाठी शिक्षणाच्या प्रारंभीच काय करता येईल? कागदाची घडी हे या प्रश्नाचे एक जुने आणि अल्पखर्चाचे उत्तर आहे. त्या उत्तरात भाषेचा वाटा किती आहे, हे पाहणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू होय.

परंपरा

कागदाच्या घड्यांना बालशिक्षणात पद्धतशीर स्थान देण्याचे श्रेय जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीड्रिख फ्रोबेल (१७८२–१८५२) यांच्याकडे जाते. ‘किंडरगार्टन’ हे नाव त्यांनी १८४० साली योजिले. तरुणपणी त्यांनी बर्लिन येथे स्फटिकशास्त्रज्ञ वाइस यांच्या हाताखाली काम केले होते. निसर्गातील आकार नियमबद्ध असतात व ते साध्या घटकांपासून सिद्ध होतात, ही त्यांची धारणा त्या अभ्यासाशी निगडित आहे. मुलांनी निर्माण करावयाच्या आकृतींचे त्यांनी तीन वर्ग कल्पिले : घर, होडी, टेबल यांसारख्या जीवनाकृती, मध्याभोवती समतोल राखणाऱ्या सौंदर्याकृती, आणि भाग, पूर्ण, समानता यांचे ज्ञान करून देणाऱ्या ज्ञानाकृती. चौरस कागदाचा एकच तुकडा या तिन्ही वर्गांतून फिरू शकतो, हे त्याचे वैशिष्ट्य होय. पुढे या पद्धतीचा प्रसार झाला तेव्हा तिच्यातील तिसरा वर्ग मागे पडला आणि पहिले दोन तेवढे उरले. आज शाळांतून ‘हस्तकला’ या नावाखाली जे चालते त्यात होडी असते, फूल असते. परंतु होडी होण्यापूर्वी कागदाचे जे त्रिकोण झाले त्यांच्याविषयी कोणी बोलत नाही.

या विस्मृत वर्गाचे पुनरुज्जीवन एका भारतीयाने केले, हे येथे आवर्जून नमूद केले पाहिजे. मद्रासचे टी. सुंदर राव यांनी १८९३ साली कागदाच्या घड्यांतून भूमिती मांडणारे एक इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. बालोद्यानातील कागदाच्या घड्यांच्या संचावरून आपणास ही कल्पना सुचली, असे त्यांनी प्रस्तावनेतच सांगितले आहे. चौरसापासून आरंभ करून ते नियमित बहुभुजाकृतींपर्यंत व तेथून शांकवांपर्यंत पोहोचतात. गणितज्ञ फेलिक्स क्लाइन यांनी १८९५ च्या आपल्या ग्रंथात या पुस्तकाचा उल्लेख केला आणि त्यामुळे ते पाश्चात्त्य शिक्षकांच्या दृष्टीस पडले; १९०१ साली त्याची अमेरिकन आवृत्ती निघाली. शिशूंच्या खेळातून निघालेला धागा उच्च भूमितीपर्यंत अखंड जातो, याचा याहून स्पष्ट पुरावा सापडणे कठीण.

महाराष्ट्रात हा विचार निराळ्या मार्गाने रुजला. गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांच्या प्रयत्नांतून १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. ताराबाईंनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर हलविले. तेथे त्यांनी व अनुताई वाघ यांनी वारली मुलांसाठी परिसरातील वस्तूंमधून शिक्षणसाधने घडविली. महागडी साधने खेड्यात पोहोचणार नाहीत, तेव्हा साधन मुलाच्या हाताजवळचे असावे, हे त्यांच्या कार्याचे सूत्र होते. जी गोष्ट साधनाची तीच शब्दाचीही आहे. शब्दही मुलाच्या हाताजवळचा असावयास हवा.

मराठीतील आकृतिवाचक शब्द

शाळेत येणारे मूल भूमितीच्या शब्दांवाचून येत नाही. ‘कोपरा’, ‘टोक’, ‘कड’, ‘गोल’, ‘चौकोनी’, ‘सरळ’, ‘तिरपा’ हे शब्द ते घरूनच आणते. अडचण अशी की, या घरगुती शब्दांच्या अर्थाच्या सीमा व शास्त्रीय परिभाषेच्या सीमा एकमेकींवर पडत नाहीत. काही उदाहरणांवरून हे स्पष्ट होईल.

‘बाजू’ हा शब्द घ्यावा. शिक्षिका प्रथम म्हणते, “रंगीत बाजू वर ठेवा.” काही वेळाने ती विचारते, “या कागदाला किती बाजू आहेत?” मूल उत्तरते, “दोन.” मराठी भाषेच्या दृष्टीने हे उत्तर निर्दोष आहे, कागदाला पाठ आणि पोट अशा दोन बाजू असतातच. चूक मुलाची नसून एकाच तासात एकच शब्द दोन अर्थांनी योजिण्याची आहे. आरंभी ‘कड’ हा शब्द कागदाच्या चार सीमांसाठी राखून ठेवला आणि ‘बाजू’ हा शब्द पृष्ठासाठी वापरला, तर हा घोटाळा टळतो. कडेला भूमितीत बाजू म्हणतात, हे नंतर सांगता येते. तोपर्यंत संकल्पना पक्की झालेली असते.

‘चौकोन’ आणि ‘चौरस’ ही जोडी अधिक उद्बोधक आहे. ‘चौकोन’ हा ‘चतुष्कोण’ या शब्दापासून, तर ‘चौरस’ हा ‘चतुरस्र’ या शब्दापासून आलेला आहे. ‘अस्र’ म्हणजेही कोपराच. म्हणजे व्युत्पत्तीच्या दृष्टीने दोन्ही शब्दांचा अर्थ ‘चार कोपऱ्यांचा’ एवढाच. शुल्बसूत्रांना चौरस अभिप्रेत असला म्हणजे ती ‘समचतुरस्र’ म्हणतात व आयताला ‘दीर्घचतुरस्र’ म्हणतात. तेथे विशेषण भेद दाखविते आणि जाती एकच राहते. मराठीत ‘सम’ गळून पडले व तद्भव शब्दाचा अर्थ संकोच पावला. परिणामी ‘चौरस’, ‘आयत’ व ‘चौकोन’ ही मुलाला तीन स्वतंत्र वस्तूंची तीन नावे वाटतात. एका वस्तूला एकच नाव असते, असे गृहीत धरण्याकडे लहान मुलांचा कल असतो, हे एलन मार्कमन यांच्या १९८० नंतरच्या दशकातील संशोधनाने दाखवून दिले आहे. ‘हा चौरस आहे आणि म्हणून तो आयतही आहे’ हे विधान मुलाला विसंगत वाटते याचे कारण गणितात नाही. ते शब्दार्थाच्या या प्रवृत्तीत आहे.

‘पतंग’ या शब्दाचे उदाहरण तर विलक्षण आहे. लगतच्या बाजूंच्या दोन जोड्या समान असलेल्या चौकोनाला शालेय परिभाषेत ‘पतंग’ म्हणतात. त्याचे पाठ्यपुस्तकातील चित्र वर आखूड व खाली निमुळते असते. परंतु संक्रांतीच्या सुमारास मराठी मूल जो पतंग उडविते तो कोपऱ्यावर उभ्या केलेल्या चौरसाच्या जवळचा असतो. शास्त्रीय व्याख्येनुसार तोही पतंगच आहे, कारण त्याच्या लगतच्या बाजू समान असतात. पण मुलाच्या मनातील चित्र व पुस्तकातील चित्र यांची भेट आपोआप होत नाही. ती घडवून आणावी लागते.

शेवटचे उदाहरण ‘कर्ण’ या शब्दाचे. चौरसाच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांना जोडणारी रेषा ती कर्ण आणि काटकोन त्रिकोणातील काटकोनासमोरची बाजू तीही कर्ण. दोन भिन्न गोष्टींना एक नाव देणे हा परिभाषेचा दोष आहे, असे विद्यार्थ्यांना वाटत राहते. हा समज किती उणा आहे हे कागदच दाखवितो.

कागद काय सिद्ध करतो

एक वेडावाकडा फाटलेला कागद घेऊन तो कसाही दुमडला असता घडीची रेघ सरळ येते. ती रेघ तिच्यावरच जुळवून पुन्हा घडी घातली की जो कोपरा होतो तो काटकोन होय. याला मोजपट्टी लागत नाही की गुण्या लागत नाही. कागद उलगडला म्हणजे एका बिंदूभोवती चार कोन दिसतात. ते घडीत एकमेकांवर बसले होते, म्हणून ते समान आहेत, हे मुलाला पटवून द्यावे लागत नाही. हा घडीचा कोपरा हाती घेऊन मूल पाटीचा, दाराचा, पुस्तकाचा कोपरा तपासू शकते. कोन मोजण्यापूर्वी कोन ताडून पाहण्याचा हा अनुभव आहे.

आयताकृती कागदाची आखूड कड लांब कडेवर आणून बसविली व उरलेली पट्टी कापून टाकली, तर चौरस मिळतो. येथे ‘चारही बाजू समान’ हे वाक्य ऐकावयाचे नसून कडेवर कड बसवून करावयाचे असते. शिवाय लांब कागद कापून चौरस झाला, ही घटना दोघांचे नाते दाखविते. हीच कृती ज्या घडीने झाली ती घडी चौरसाला दोन त्रिकोणांत विभागते. कागद उलगडलेला असताना ती रेघ चौरसाचा कर्ण आहे. दुमडलेला असताना तीच त्रिकोणाचा कर्ण आहे. नाव एक का, याचे उत्तर मुलाच्या बोटांखाली असते.

चौरसाचे कोपरे एकेक करून मध्यबिंदूवर दुमडण्याची क्रिया तर मोजणीचा उत्तम पाठ आहे. चार कोपऱ्यांतून एक ‘गेला’ म्हणजे तीन उरतील, असे मुलाचे अनुमान असते. प्रत्यक्षात पाच होतात. त्यानंतर शेजारचा कोपरा दुमडला तर पाचच राहतात, पण समोरचा दुमडला तर सहा होतात. तीन दुमडले की पुन्हा पाच आणि चारही दुमडले की चार, म्हणजे लहान चौरस. त्यात चारही त्रिकोण एकमेकांवर न चढता नेमके मावतात. तेव्हा नवा चौरस जुन्याच्या निम्मा आहे, हे उघड होते. चौरसाच्या कर्णावर काढलेला चौरस मूळ चौरसाच्या दुप्पट असतो, हे बौधायन शुल्बसूत्रातील विधान याच घडीची उलट वाट आहे.

चौरसाच्या एका कोपऱ्यालगतच्या दोन्ही कडा कर्णावर आणून बसविल्या की पाठ्यपुस्तकातला पतंग तयार होतो. मुलाच्या ओळखीच्या पतंगापासून शास्त्रातील पतंगापर्यंत जाण्यास दोन घड्या पुरतात. तसेच कागदाची आडवी व उभी अशी चौघडी करून, घडीच्या बंद कोपऱ्यावर तिरपा सरळ काप दिला व सुटलेला तुकडा उलगडला, तर शंकरपाळ्याचा आकार, म्हणजे समभुज चौकोन, मिळतो. काप अधिक तिरपा केला तर तो लांबट होतो; दोन्ही घड्यांवर कोपऱ्यापासून सारख्याच अंतरावर काप दिला तर नेमका चौरस निघतो. एकाच कृतीच्या मालिकेत चौरस मध्येच येऊन जातो. ‘चौरस हा समभुज चौकोनाचाच एक प्रकार आहे’ हे पुढील इयत्तेतील विधान येथे व्याख्येवाचून अनुभवास येते.

क्रियापदाकडून नामाकडे

वरील कृतींत एक समान सूत्र आहे. तक्ता मुलाला नाम देतो, तर घडी त्याला क्रियापद देते. दुमडणे, मुडपणे, जुळवणे, बसवणे, उलगडणे, कातरणे ही क्रियापदे मुलाच्या भाषेत आधीपासूनच आहेत. घरी धुणे वाळल्यावर घड्या घालताना, पोळी दुमडताना, साडीच्या निऱ्या पाहताना ती त्याने ऐकलेली असतात. या क्रियापदांतच आकृतीचे गुणधर्म दडलेले आहेत. ‘जुळते’ म्हणजे समान आहे. ‘दुमडून जुळते’ म्हणजे सममित आहे. ‘नेमके बसते’ म्हणजे एकरूप आहे. विशेषणे नंतर येतात, पण त्यांचा अर्थ आधी हातात येतो.

उत्रेख्त विद्यापीठात १९५७ साली पिएर व्हान हिले व दिना व्हान हिले-गेल्डॉफ यांनी सादर केलेल्या प्रबंधांतून भूमितिविषयक विचाराच्या पायऱ्यांची उपपत्ती पुढे आली. पहिल्या पायरीवर मूल आकृती एकसंध रूपाने ओळखते. दुसऱ्या पायरीवर तिचे गुणधर्म वेगळे करते. तिसऱ्या पायरीवर गुणधर्मांतील संबंध जाणून आकृतींचे वर्ग लावते. भाषाभ्यासकाच्या दृष्टीने या उपपत्तीतील महत्त्वाचा भाग असा की, प्रत्येक पायरीची भाषा स्वतंत्र असते. पहिल्या पायरीवरील मुलाचा ‘चौरस’ आणि दुसऱ्या पायरीवरील शिक्षिकेचा ‘चौरस’ हे उच्चाराने एक असले तरी अर्थाने एक नसतात. म्हणून दोघे एकच शब्द उच्चारीत असूनही परस्परांना समजत नाहीत. व्हिगोत्स्की यांनी १९३४ च्या आपल्या ग्रंथात दैनंदिन संकल्पना व शास्त्रीय संकल्पना असा जो भेद केला आहे, तोही येथे लागू पडतो. पहिली अनुभवातून वर चढते, दुसरी व्याख्येतून खाली उतरते. दोहोंची गाठ पडल्याखेरीज ज्ञान पुरे होत नाही. कागदाची घडी हे अशा गाठीचे एक ठिकाण आहे.

काही मर्यादा

तथापि कागद हाती दिला की भूमिती शिकविली गेली, असा समज करून घेणे धोक्याचे आहे. अनेक वर्गांत शिक्षिका स्वतः आकार कापून आणतात आणि मुले ते डकवितात. घराचे छप्पर त्रिकोणी व भिंत चौरस होते, चित्र सुबक दिसते आणि पालक संतुष्ट होतात. परंतु त्या त्रिकोणाशी मुलाच्या हाताचा व विचाराचा संबंध डिंक लावण्यापुरताच येतो. याउलट, वाकडी घडी घालून ती न जुळल्यामुळे पुन्हा उलगडणारे मूल कड आणि कोन यांविषयी अधिक शिकत असते. न जुळलेली घडी ही शिक्षणाची संधी आहे. ती शिक्षिकेने झटकन सरळ करून देऊ नये.

वयाचे भानही ठेवावे लागते. तीन वर्षांच्या मुलाला कागद फाडणे व एकदा दुमडणे साधते. कोपऱ्याला कोपरा नेमका जुळविणे व कातरी चालविणे यांसाठी बोटांना अवधी द्यावा लागतो. कागदाची जातही पाहावी लागते. पतंगी कागद सुरेख दिसतो, पण तो नवशिक्या हाताखाली चुरगळतो. जाड पुठ्ठा घडी धरीत नाही. वह्यांची कोरी पाने, वर्तमानपत्रे व एका बाजूने रंगीत असलेला घोटीव कागद ही प्रारंभी पुरेशी असतात. शिवाय कागद पातळ व सपाट असल्यामुळे त्याचे क्षेत्र मर्यादित आहे. मराठीत ‘गोल’ हा शब्द पोळीलाही लागतो व चेंडूलाही लागतो. कापलेली चकती आणि चुरगळलेला बोळा शेजारी ठेवून हा भेद सूचित करता येतो; परंतु घन आकृतींसाठी मातीकडेच वळले पाहिजे.

सर्वांत महत्त्वाची मर्यादा भाषेची आहे. ज्या मुलाची घरची बोली प्रमाण मराठीहून भिन्न आहे, त्याच्यासाठी ‘कड’ आणि ‘टोक’ हे शब्दही परिचित असतील असे नाही. वारली चित्रांतील मनुष्याकृती दोन त्रिकोणांची असते आणि लग्नाचा चौक चौरस असतो. म्हणजे त्या घरांतील मूल आकृतींच्या सहवासात वाढलेले असते. शाळेची नावे त्याला येत नाहीत, एवढ्यावरून त्याला आकार समजत नाहीत असा निष्कर्ष काढला जातो तेव्हा भाषेची उणीव बुद्धीच्या नावावर मांडली जाते. शालेय जीवनाच्या पहिल्याच वर्षात झालेला असा अन्याय सहसा दुरुस्त होत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ वर्षे हा पायाभूत टप्पा मानून खेळ, कृती व घरची भाषा यांवर भर दिला आहे. त्याची अंमलबजावणी शेवटी वर्गातील शब्दयोजनेवरच अवलंबून राहणार आहे.

म्हणून मूल्यमापनाचा प्रश्नही बदलावयास हवा. ‘याला काय म्हणतात?’ या प्रश्नाचे उत्तर स्मरणशक्ती देऊ शकते. ‘हा चौरस आहे हे दुमडून दाखव’ या सूचनेला मात्र संकल्पनाच उत्तर देऊ शकते, मग ते उत्तर कोणत्याही बोलीत असो अथवा निःशब्द असो. बोलीबोलींतून कडेला, कोपऱ्याला, घडीला व तिरपेपणाला कोणते शब्द आहेत, त्यांच्या अर्थसीमा कोठे आहेत आणि कोणत्या वयात मुले ते योजू लागतात, याचे पद्धतशीर संकलन भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याने हाती घेण्याजोगे आहे. असे संकलन पाठ्यपुस्तककारांच्या उपयोगी पडेलच. शिवाय परिभाषा शब्दकोशात जन्मते की वापरात, या जुन्या प्रश्नावरही त्यातून काही प्रकाश पडेल.